सगळेच टायर उत्तम

मोटारसायकलच्या टायरबद्दल ज्याला मत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. गाडी विकून दहा वर्षं झालेले, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलेले, एवढंच काय, उभ्या हयातीत फक्त लूना चालवलेले गृहस्थसुद्धा तुमच्या मागच्या चाकापाशी थबकतात. कसेबसे वाकतात, टायरवरून अंगठा फिरवतात आणि "हा? हा परत घेऊ नका," असं म्हणत कमरेला हात लावून सरळ होतात. मग काय घ्यायचा, तेही सांगतात. ते न विचारता सांगतात.

खरं तर या विषयात मत व्हावं इतका अनुभव कुणाच्याच गाठीशी नसतो. चहाबद्दल बोलणारा माणूस निदान रोज दोनदा चहा पीत असतो. लांबच्या प्रवासाच्या गाडीचा मागचा टायर दहा-पंधरा हजार किलोमीटर चालतो, पुढचा त्याच्याही पुढे. नोकरी, हप्ते, लग्नसराई आणि सासुरवाडीची वास्तुशांत यांतून उरलेल्या शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्याला तेवढं अंतर कापायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे पंचवीस वर्षं गाडी दामटलेला कसलेला रायडरसुद्धा फार तर आठ-दहा मागच्या टायरांचा अनुभव घेऊन बसलेला असतो. तोही वेगवेगळ्या गाड्यांवरचा, आणि स्वतःचं वजन वेगवेगळं असतानाचा. दोन कंपन्यांचे टायर एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी चालवून पाहिलेत असा माणूस आपल्या ओळखीत नसतो. तरीही "मी सगळे वापरलेत" हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये निदान तिघांच्या तोंडी असतंच.

आता यातली खरी मेख बघा. मोटारसायकल आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते. मागचा टायर मधोमध झिजतो, कडा तशाच राहतात. मुळात गोलसर असलेला टायर हळूहळू सपाट होत जातो. रायडर मंडळी त्याला चौकोनी झाला म्हणतात. हे रोज थोडं थोडं होत असल्यामुळे कळत नाही. गाडी वळायला आढेवेढे घेते आणि मग एका क्षणी झपकन आत पडते. मालकाला वाटतं, आपलंच वय झालं. अशा अवस्थेत एके दिवशी नवा टायर बसतो. दुकानातून निघाल्यावर पहिल्याच चौकात गाडी सुर्रकन वळते आणि गृहस्थांना पंचविशी आठवते. संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडतो, खाली मजकूर: "काय ग्रिप आहे! गाडी बदलल्यासारखी वाटते. डोळे झाकून घ्या."

त्या दिवशी त्या चाकावर जगातला कुठलाही गोल टायर बसवला असता, तरी गाडी तशीच वळली असती. पण तुलना होते ती नव्या टायरची आणि मेलेल्या टायरची, आणि त्यात नवा कधी हरत नाही. म्हणून ज्यानं ज्या कंपनीचा घेतला तो तिचा आजन्म प्रचारक होतो. सगळेच टायर उत्तम ठरतात, आणि निवडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ही परंपरा टायरइतकीच जुनी आहे. १८८८ च्या सुमारास बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुराढोरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. (त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानं हवेच्या टायरचं पेटंट काढलं होतं, पण घोडागाडीच्या जमान्यात त्याची डाळ शिजली नाही.) पोरगं खूश झालं असणारच. त्याआधी ते भरीव रबराच्या चाकांवर दगडी रस्त्यावरून आदळत होतं. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी गवताचा पेंढा बांधून दिला असता तरी त्यानं बापाची पाठ थोपटली असती. टायरबद्दलचा जगातला पहिला अभिप्राय हा असा, आणि त्यानंतरचे सगळे त्याच पद्धतीनं नोंदवले गेलेले आहेत.

तर अशा या क्षेत्रात आपल्याला टायर घ्यायचा असतो. माझ्याकडे रॉयल एनफील्डची जुनी, ४११ सीसीची हिमालयन आहे. तिला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ असा टायर लागतो. हा आकडा पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला माझे गणिताचे मास्तर आठवले. एकाच ओळीत पहिली संख्या मिलिमीटर, दुसरी टक्के आणि तिसरी इंच! टायरची रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. आम्ही परीक्षेत सेंटिमीटरच्या जागी मीटर लिहिलं तर मास्तर अख्ख्या उदाहरणाचे गुण कापायचे. इथे मात्र शेजारीच आयएसआयचा शिक्का आहे.

त्याच्यापुढे ६४ एस. हे ६४ म्हणजे ६४ किलो नव्हेत. एक तक्ता असतो, त्यात ६४ च्या पुढे २८० किलो लिहिलेलं असतं. सरळ २८० का लिहीत नाहीत हे विचारायचं नाही. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. माझी गाडी खंबाटकीचा उतार, पाठीमागून वारा आणि मागे लागलेला कर्जवसुलीवाला एवढं सगळं एकत्र आलं तरी १८० ला जाणार नाही. तेव्हा ते अक्षर आपण मान देऊन सोडून द्यावं. २८० किलो मात्र कामाचे. मागच्या चाकावर मी, सौभाग्यवती, दोन्ही बाजूंच्या बॅगा आणि तिच्या माहेराहून निघताना "असू दे हो, गाडीवर काय जड होतंय" म्हणून कोंबलेले फणसाचे गरे, कोकमं आणि नारळ या सगळ्यांचा हिशेब त्यात बसतो.

साईज समजली की लगेच ती बदलण्याचा मोह होतो. "एक साईज वर टाक, १३० चा बसतो आरामात," हे वाक्य सांगणारा माणूस देव प्रत्येकाच्या आयुष्यात पाठवतोच. रुंद टायरनं गाडी मागून भारदस्त दिसते हे खरं आहे. पण गाडीवर बसलेला माणूस गाडी मागून बघत नसतो. तीच रिम, त्यावर जास्त रुंद टायर कोंबला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याचा गोलाकार बिघडतो. गाडी वळायला जड, पेट्रोल जास्त, आणि चेनपासून टायर किती लांब राहतो ते तुमचं नशीब. उंचीचाही घोळ होतो. १३०/८० घेतला तर टायरची उंची १०४ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण चाक आठ मिलिमीटरनं लहान. कंपनीच्या इंजिनियरांनी चेन्नईत बसून ठरवलेली गोष्ट आपण पानाच्या टपरीवर दोन मिनिटांत सुधारून टाकतो. आपल्याकडे आत्मविश्वासाची टंचाई कधीच नव्हती.

आणि मग येतो बटणाचा टायर. मोठमोठे रबराचे ठोकळे असलेला, ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ शोभेल असा. तो पाहिला की चाळिशी उलटलेल्या पुरुषाच्या मनात काहीतरी हलतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अ‍ॅक्टिव्हांच्या रांगेत बटणाच्या टायरची गाडी उभी असली, की ती कालच लडाखहून आलीय आणि उद्या परत निघणार आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती कोथरूडहून हिंजवडीला जाते आणि वाटेत दूध घेते.

बटणाचा टायर चिखलात आणि सुट्या दगडांवर भारी चालतो, यात वाद नाही. पण डांबरावर त्याचे ठोकळेच तेवढे टेकतात, मधल्या जागा हवेत. त्यामुळे ओल्या डांबरावर पकड कमी, झीज जास्त, आणि साठच्या पुढे असा एक घुमणारा आवाज सुरू होतो की पहिले दोन तास माणूस बेअरिंग गेलं म्हणून घाबरलेला असतो. लडाखसाठी म्हणून जे हा टायर घेतात त्यांनी एक हिशेब करावा. पुण्याहून मनालीपर्यंतच जवळजवळ दोन हजार किलोमीटर डांबर आणि सिमेंट आहे, तेही उन्हाळ्यातलं, राजस्थानातून जाणारं. बटणं अर्ध्याहून अधिक तिथेच संपतात. उरलेली घेऊन गडी रोहतांगपाशी पोचतो, तर तिथला तो नावाजलेला चिखल २०२० पासून अटल बोगद्यानं खालच्या खाली चुकवता येतो. ज्यासाठी लग्न केलं तो हुंडाच परत गेला, असं आमची आजी म्हणाली असती.

कंपन्या यावर तोडगा म्हणून टायरला गुणोत्तर देतात. ५०/५० म्हणजे निम्मा डांबरासाठी, निम्मा कच्च्या रस्त्यासाठी. ८०/२० म्हणजे बव्हंशी डांबरासाठी, पण हॉटेलच्या कच्च्या आवारात शिरताना लाज वाटणार नाही असा. ही विभागणी जिथे डांबर कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते हे ठरलेलं असतं, त्या देशांत झाली असावी. आपल्या मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. त्यावर कुठले ऐंशी आणि कुठले वीस, हे दर पावसाळ्यानंतर नव्यानं मोजावं लागतं.

टायरच्या जाहिराती पाहिल्यात का? बर्फ असतो, वाळवंट असतं, पाण्याचे फवारे उडवत नदी ओलांडणारा हेल्मेटधारी असतो. आपण आयुष्यात ज्याच्यावरून घसरतो त्यातलं एकही तिथे नसतं. एकाही कंपनीनं कोल्हापूर-सांगलीकडच्या गळीत हंगामात, ट्रॉलीतून सांडलेल्या आणि ट्रकांनी चेचलेल्या उसावर टायर चालवून दाखवलेला नाही. एसटी स्टँडच्या वळणावर सांडलेलं डिझेल आणि त्यावर पडलेली वळवाची पहिली सर, हा प्रकार कुठल्या प्रयोगशाळेत आहे? मराठवाड्यात रस्त्याची अर्धी बाजू अडवून पसरलेलं सोयाबीन, कोकणातली जांभ्याची लाल माती, ताम्हिणीत जुलै-ऑगस्टमध्ये कडेच्या डांबरावर धरणारं शेवाळ, गावात शिरताना ओलं शेण, आणि यमदूतानं स्वतः रंगवल्यासारखे ते झेब्रा क्रॉसिंगचे जाड, गुळगुळीत पांढरे पट्टे! आपल्याकडच्या टायरवर खरं तर "शेण: चांगला, ऊस: मध्यम, शेवाळ: देवाची मर्जी" असं छापून यायला पाहिजे. मग निवड दोन मिनिटांत होईल.

तसं छापून येत नाही, म्हणून सल्लागार लागतात. आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे एमआरएफचा एक शेअर आहे. एकच. पण २०२३ च्या जूनमध्ये त्या शेअरचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. भारतात एवढा भाव गाठणारा तो पहिलाच शेअर, आणि तेव्हापासून हा गृहस्थ दुसऱ्या कुठल्या टायरचं नावही निघू देत नाही. आपण टायर घेतला की त्याच्या नातवंडांचं शिक्षण होणार आहे. कंपनी सुरू झाली ती १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून, हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे हवा धरून ठेवण्याचा अनुभव किती जुना, बघ." याला उत्तर नाही. आमच्या पिढीचं एमआरएफबद्दलचं मत तसंही तेंडुलकरच्या बॅटीवरच्या स्टिकरनं कायमचं ठरवून टाकलेलं आहे. बॅटीला टायर लागत नाही हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, आताही येत नाही.

दुसऱ्याचं बालपण भांडुपला सिएट टायर रोडवर गेलं. मूळची इटलीतल्या तोरिनोची ही कंपनी १९५८ साली भांडुपला आली आणि या माणसाच्या मते तिथून तिनं परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा टायर घेणं हा त्याच्या लेखी गावाशी द्रोह आहे. त्याच्याशी वाद घालायचा नसतो. "तुमचं भांडुप कसं आहे आता" एवढं विचारून विषय बदलायचा असतो.

तिसरा स्वदेशीवाला नाही, पण चिनी मालाचा कट्टर शत्रू. त्याला मेट्झेलर हवा. "शुद्ध जर्मन!" म्हणताना त्याची मूठ वळते. मेट्झेलर १९८६ पासून इटलीच्या पिरेलीकडे आहे आणि पिरेलीचा ताबा २०१५ साली एका चिनी कंपनीनं घेतला, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे म्हणून आम्ही गप्प असतो.

एवढी मतं गोळा करून माणूस नाना पेठेत जातो. पुण्यात दुचाकीचं काहीही हवं असेल तर नाना पेठ, हे ठरलेलंच. दुकान म्हणजे दहा बाय बारा, छतापर्यंत टायरांच्या चळती, नव्या रबराचा तो उग्र वास, आणि गल्ल्यावर एक शेठ. शेठ टायर दाखवत नाहीत. आधी विचारतात, "गाडी कुठे चालते?"

इथे प्रत्येकजण खोटं बोलतो. शेजारच्या काउंटरवरचा तरुण "ऑफरोडिंग" म्हणाला, त्याच्या मागचा "स्पिती". शेठनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही. ते गल्ल्यावरून उठले, बाहेर फुटपाथला लावलेल्या त्या तरुणाच्या गाडीशी गेले आणि मागच्या टायरकडे चार सेकंद बघून परत आले. टायरच्या मध्यावर नक्षीचा पत्ता नाही. कडेला मात्र नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे. साच्यातली हवा बाहेर जायला जी छिद्रं ठेवतात, त्यांत शिरलेल्या रबराचे हे केस. गाडी वळणात जरा आडवी झाली की ते पहिल्या आठवड्यात घासून जातात. शेठ म्हणाले, "हायवे आहे तुमचा. सरळ जाता. मागचा ब्रेक जोरात मारता, एका जागी चट्टा पडलाय. हवा महिन्यातून एकदा बघता, तीपण पेट्रोलवाल्यानं विचारलं तर." तरुण दुसरीकडे बघायला लागला. जुना टायर तुमची सगळी कुलंगडी बाहेर काढतो, म्हणून दुकानात जाताना शक्यतो गाडी लांब लावून जावं.

शेठनी मग रस्त्याच्या नक्षीचा, उथळ खोबणींचा, दिसायला अगदीच सालस असा टायर काढून ठेवला. तरुणाची नजर वर टांगलेल्या बटणाच्या टायरवरून हटेना. शेठ एकच वाक्य बोलले, "तो फोटोत चांगला दिसतो." मला वाटतं टूरिंगच्या टायरांवर इतकं अचूक परीक्षण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

शेठ कितीही भले असले, तरी एक गोष्ट आपणच बघायची. टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तो जन्मला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर न वापरता नुसता पडून असला तरी रबर वर्षागणिक कडक होत जातं. नक्षी खोल दिसते, वर चकाकी असते, आणि पकड मात्र निम्मी झालेली असते. दुकानदाराला "ताजा माल आहे का" असं विचारलं तर उत्तर "कालच आला" हेच असतं, आणि ते खरंही असतं. कुठून आला आणि तिथे किती वर्षं होता हे आपण विचारलेलं नसतं. म्हणून वाकायचं, आकडे वाचायचे. ते बऱ्याचदा भिंतीकडच्या बाजूला असतात. तेव्हा टायर फिरवून दाखवा म्हणायचं आणि शेठच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच दिवसापासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना ४० टक्के लागू झाला. म्हणजे सरकारच्या मते माझी गाडी ही चैन आहे आणि तिचे टायर ही गरज. यातल्या पहिल्या अर्ध्या भागावर घरात सरकारशी पूर्ण एकमत आहे.

टायर घेतला म्हणजे काम झालं असं नाही. बसवायचा असतो. हिमालयनला स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. रिमला स्पोकसाठी भोकंच भोकं असल्यावर हवा नुसत्या टायरमध्ये कशी टिकणार? (नव्या ४५० ला कंपनीनं २०२४ मध्ये ट्यूबलेस स्पोकची चाकं देऊ केली, जुन्यांनी आपलं नशीब म्हणायचं.) बसवायला आमचा नेहमीचा आण्णा आहे. महाराष्ट्रात रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान दिसलं की मालक मल्याळी निघण्याची शक्यता बरीच असते, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. देशातलं बहुतेक रबर केरळात पिकतं, रबर बोर्डाचं मुख्यालय कोट्टायमला, फुग्यांपासून एमआरएफ उभी करणारे माम्मेन माप्पिल्लै मल्याळी, आणि शेवटी खेड-शिवापूरला ते रबर फाटलं की ठिगळ लावणाराही मल्याळी. रबराचं बारसं ते बारावं एकाच घराण्याकडे आहे.

आण्णाचं काम बघण्यासारखं असतं. पोरगेलासा मेकॅनिक असेल तर तो लांब पहार घेऊन टायरशी कुस्ती खेळतो, रिमला चरे पाडतो आणि वर आतली ट्यूब चिमटून नवंकोरं पंक्चर करून देतो. आण्णा जोर लावत नाही. टायर जमिनीवर आडवा, कडेला साबणाचं पाणी, आणि ज्या बाजूला लिव्हर घालायची तिच्या बरोबर समोरच्या बाजूला तो गुडघा टेकून बसतो. रिमच्या मधोमध एक खोलगट खोबण असते. समोरची कड गुडघ्यानं त्या खोबणीत उतरवली, की अलीकडे तेवढीच ढील मिळते आणि टायर हातानं निघावा तसा निघतो. सगळी विद्या त्या गुडघ्यात आहे. नवा टायर चढवताना तो ट्यूबमध्ये जराशी हवा भरून तिला गोल करतो, म्हणजे ती लिव्हरखाली येत नाही. मग दिशेचा बाण बघतो. आमच्यासारख्या गाड्यांच्या काही टायरांवर दोन बाण असतात, एक पुढच्या चाकासाठी आणि एक मागच्या, आणि ते एकमेकांच्या उलटे. इथे भलेभले चुकतात. आण्णा बाण बघून टायर एकदा हवेत फिरवतो, तोंडानं काहीतरी पुटपुटतो आणि मगच चढवतो. शेवटी हवा भरता भरता टायरची कड रिमवर "टप्प" करून बसते. टायरच्या अंगावर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसते का हे तो बोट फिरवून पाहतो. कुठे आत गेलेली दिसली तर हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या खेपेला त्यानं टायर हातात घेऊन उलटसुलट केला, कंपनीचं नाव वाचलंच नाही, आणि विचारलं, "साहेब, ट्यूब नवीन आणला काय?"

मी म्हटलं, जुनी चांगली आहे.

त्यानं जुनी ट्यूब माझ्यासमोर धरली. इतकी वर्षं टायरच्या आत ताणून ती मूळच्यापेक्षा मोठी झालेली होती. नव्या टायरात तिला घडी पडली असती, आणि ती घडी घासून घासून एक दिवस भलत्याच जागी फाटली असती. तेव्हा तो म्हणाला, "टायरसाठी तुम्ही महिनाभर फिरला. पडतो माणूस ट्यूबमुळे."

मी कुठला टायर घेतला ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही विचाराल कसा आहे, आणि मी म्हणेन उत्तम.

तुम्हाला घ्यायचा असेल तर पुस्तिकेत लिहिलेली साईज घ्या, रस्त्याच्या नक्षीचा घ्या, चार आकडे वाचून घ्या, सोबत नवी ट्यूब आणि स्पोकच्या भोकांवर बसणारी रिमची पट्टी घ्या. बसवल्यावर पहिले दीडशे किलोमीटर वळणात बेतानं राहा, कारण नव्या रबराची वरची चकाकी उतरेपर्यंत ते घसरतं. कायद्यानं दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की तो बाद. पण ताम्हिणीतलं पाणी कायदा वाचून वाहत नाही, त्यामुळे दोन मिलिमीटर उरले असतानाच बदला. आणि बदलायचाच तर मे महिन्यात बदला. जूनच्या पहिल्या पावसात घसरून आलेली सगळी मंडळी नाना पेठेत एकदम येतात, तेव्हा शेठ भावही करत नाहीत आणि खरंही बोलत नाहीत.